दापोडीच्या बागेपासून पिंपरीच्या पेनिसिलिनपर्यंत

दापोडीहून जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने निघाले की फुगेवाडी, कासारवाडी, नाशिक फाटा, वल्लभनगर आणि मग एच. ए. कंपनीची हद्द. कागदावर नाव हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र ते पूर्ण नाव क्वचितच कुणी घेते. एच. ए. कॉलनी, एच. ए.चे मैदान, एच. ए.ची शाळा असे पत्ते सांगत इथल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. दापोडीतल्या कितीतरी घरांना ही कंपनी माहीत आहे ती पाळीच्या वेळांमुळे. सकाळी सायकलवर डबा अडकवून निघायचे आणि दुसरी पाळी असेल तर रात्री उशिरा परतायचे.

१० मार्च १९५४ रोजी ही कंपनी स्थापन झाली. औषधनिर्मितीसाठी भारत सरकारने स्वतःच्या मालकीचा काढलेला हा पहिला कारखाना. त्या वेळी पिंपरी म्हणजे शेतीवाडीचे गाव आणि शेजारी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, भोसरीची औद्योगिक वसाहत, हे सगळे पुढचे. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ची आणि महापालिका १९८२ ची. आज जिथे गिअर, टायर, मोटारी आणि सुटे भाग यांचा एवढा पसारा आहे, तिथल्या कारखानदारीची सुरुवात एका बुरशीपासून झाली, ही गोष्ट नव्या पिढीला सांगावी लागते.

पण शहराची पहिली मोठी कंपनी एवढ्याच कारणाने तिचा इतिहास लिहायचा असता तर दोन पाने पुरली असती. एच. ए.ची गोष्ट त्याहून मोठी आहे. माणसाचा जीव वाचवणारे औषध कसे बनवायचे हे जगातल्या मोजक्या देशांना ठाऊक होते आणि उरलेल्या देशांनी ते विकत घ्यायचे किंवा त्याच्याविना मरायचे, अशी वाटणी दुसऱ्या महायुद्धानंतर झालेली होती. ती वाटणी मोडण्याचा गरीब देशांतला सुरुवातीचा एक मोठा प्रयत्न पवनेकाठच्या या माळावर झाला.

दापोडीचा औषधांशी संबंध मात्र त्याहून सव्वाशे वर्षे जुना आहे. पेशव्यांच्या पदरी असलेल्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा बंगला दापोडीला होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हा हीच पलटण दापोडीहून निघून इंग्रजांच्या फौजेला जाऊन मिळाली. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये ती जागा सरकारसाठी घेतली आणि तिथे वनस्पती उद्यान सुरू केले. इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘दापुरी’. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन या उद्यानाचा प्रमुख झाला. त्याने औषधी वनस्पतींच्या लागवडीवर भर दिला आणि त्यांपासून काढलेली औषधे सरकारी औषधभांडाराला पुरवली. बोटीने विलायतेहून येणारे औषध महाग पडते, तेच इथे पिकवले तर पैसा वाचतो, असा सरळ हिशोब होता. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने एका चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची देखणी चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकार गोव्याकडचा, पोर्तुगीज नावाचा असावा असे मानतात. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. १८६५ मध्ये बाग मोडली आणि तिची जागा पुढे गणेशखिंडीतल्या उद्यानाने घेतली.

माती दापोडीची, राबणारे हात इथले, औषध मुख्यतः छावणीचे. पटकी किंवा देवीची साथ गावात शिरली की गावकऱ्यांपाशी मरीआईखेरीज फारसे काही नसायचे. ज्ञान आपल्या दारात असणे आणि ते आपले असणे यांतले अंतर दापोडीने असे फार लवकर पाहिले.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी १९४४ चा, दापोडीला मुळा-पवनेचे पाणी एक होऊन जिथून पुढे जाते त्याच नदीच्या खालच्या अंगाचा. येरवड्याजवळ आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गांधी नजरकैदेत होत्या. हृदयविकाराने थकलेल्या बांना न्यूमोनिया झाला. मुलगा देवदास गांधी यांनी प्रयत्न करून कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवले. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी, आता शेवटच्या घटकेला तिला हा त्रास नको, म्हणून ते देऊ दिले नाही. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. गांधीजींच्या निर्णयाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे लक्षात घ्यायची बाब वेगळी आहे: देशातल्या सर्वांत नामांकित कैद्याच्या पत्नीसाठीदेखील हे औषध देशाच्या दुसऱ्या टोकाहून विमानाने आणावे लागले. दापोडीच्या, मावळच्या, मुळशीच्या बाळंतिणीचा तर प्रश्नच नव्हता. दहा वर्षांनी त्याच पुण्याच्या वेशीवर ते औषध बनवणारी कंपनी उभी राहिली.

पेनिसिलिनच्या टंचाईची कहाणी त्या औषधाइतकीच जुनी आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीचा गुण दिसला, पण त्यापासून औषध घडवले ते ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी, १९४० च्या आसपास. १९४१ मध्ये ज्या पहिल्या रुग्णाला ते देऊन पाहिले तो ऑक्सफर्डचा एक पोलीस. चार-पाच दिवसांत तो सुधारू लागला. औषध इतके थोडे होते की त्याच्या लघवीतून ते गाळून काढून पुन्हा टोचले गेले. अखेर साठा संपला आणि तो माणूस दगावला. मग फ्लोरी अमेरिकेला गेले. पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्च उद्योगातला टाकाऊ अर्क बुरशीला मानवतो असे आढळले, बाजारातल्या एका सडलेल्या खरबुजावर भरघोस उत्पन्न देणारी बुरशी सापडली आणि मोठ्या टाक्यांत ती वाढवण्याची रीत बसली. १९४३ मध्ये एका मात्रेला २० डॉलर पडत होते. तीन वर्षांत किंमत अर्ध्या डॉलरच्या घरात आली. पण ही किफायतशीर रीत अमेरिकी कंपन्यांच्या हाती होती. ज्या ब्रिटनमध्ये शोध लागला, त्या ब्रिटनच्या कंपन्यांनाही पुढे या पद्धतीसाठी अमेरिकेला पैसे मोजावे लागले. ब्रिटनची ही गत, तर नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताला कोण विचारतो?

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, इटली यांना संयुक्त राष्ट्रांच्या मदत संघटनेने पेनिसिलिनचे कारखाने देऊ केले. त्यातही शीतयुद्ध आडवे आले. द्रावणातून पेनिसिलिन झटपट वेगळे काढणारे महत्त्वाचे यंत्र पूर्व युरोपला विकायला अमेरिकेने परवानगी दिली नाही. यंत्रसामग्री पोचली तरी किल्ली दुसऱ्याच्या खिशात, हा धडा जगाने तेव्हाच घेतला.

भारतात ही गोष्ट ज्यांच्या सर्वांत जास्त जिव्हारी लागली होती ते म्हणजे मेजर जनरल साहिब सिंग सोखी. १९३२ पासून ते मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. परळच्या त्या संस्थेत त्यांनी प्लेगची लस सुधारली, सल्फा औषधे बनवून दाखवली, प्लेगवर त्यांचा गुण पारखून पाहिला. काँग्रेसने १९३८ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे काम त्यांच्याकडे होते. औषध बाजारात नफ्यासाठी विकायचा माल नाही, ते देशाने स्वतः बनवून खर्चाच्या किमतीत द्यावे, हे त्यांचे ठाम मत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे पेनिसिलिन मोठ्या प्रमाणात परदेशातून यायचे आणि इथे फक्त कुप्यांत भरले जायचे. सोखी १९४९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेत सहायक महासंचालक म्हणून गेले आणि गरीब देशांत पेनिसिलिनचा कारखाना काढण्याच्या कल्पनेला जिनिव्हात एक खंदा वकील मिळाला.

दिल्लीत त्या वेळी वाटाघाटींचे बरेच पर्याय चाचपले जात होते. एका स्वीडिश कंपनीशी बोलणी झाली, अमेरिकी कंपन्यांशीही झाली. खासगी कंपन्यांची अट एकच असायची: माल घ्या, रॉयल्टी द्या, आतली रीत विचारू नका. शेवटी युनिसेफने यंत्रसामग्री द्यायची, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ आणि प्रशिक्षण द्यायचे आणि भारत सरकारने जमीन, इमारती व बाकीचा खर्च उचलायचा असे ठरले. याच जोडीने दिल्लीत डीडीटीचा कारखानाही उभा राहिला. पेनिसिलिनच्या कारखान्यामागचा विचार आजच्या औषध उद्योगात जवळजवळ अशक्य वाटावा असा होता. कारखाना सार्वजनिक मालकीचा राहावा, फायदा गरीब माता-बालकांना व्हावा आणि तिथले ज्ञान कुलपात न ठेवता इतर देशांच्या तंत्रज्ञांनाही शिकू द्यावे. मदत म्हणून औषधाच्या पेट्या पाठवणे सोपे असते. पेट्या संपतात. बनवण्याची विद्या देणे हे त्या काळी क्वचित घडले आणि आजही क्वचितच घडते.

१९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले.

ते काम कसे चाले हे सांगितल्याशिवाय कारखान्याची थोरवी कळणार नाही. पेनिसिलिन रसायने मिसळून बनत नाही, ते वाढवावे लागते. प्रयोगशाळेत जपलेल्या बुरशीचे थोडेसे बीज आधी काचेच्या भांड्यात, मग लहान टाकीत, मग मजला-दोन मजले उंच पोलादी टाकीत सोडायचे. खाद्य म्हणून साखर आणि मक्याचा अर्क. खालून सतत निर्जंतुक हवा, आत फिरणारा मोठा पंखा आणि टाकीभोवती थंड पाणी, कारण वाढणारी बुरशी उष्णता सोडते आणि पंचवीस अंशांच्या आसपासचे तापमान ढळले की उत्पन्न घसरते. हे पाच-सहा दिवस चालते. तेवढ्यात एखाद्या झडपेतून, एखाद्या सांध्यातून बाहेरचा एक जंतू आत शिरला की सगळी टाकी नासते आणि लाखो मात्रांचे औषध गटारात सोडावे लागते. टाकी पिकली की बुरशी गाळायची, द्रव थंड ठेवून आम्ल करायचा, विद्रावकात पेनिसिलिन ओढून घ्यायचे, स्फटिक करायचे आणि निर्जंतुक खोलीत कुप्या भरायच्या. अर्धा तास वीज गेली तरी सगळे मुसळ केरात.

हे काम जे शिकले त्यांतले बरेच जण शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले होती. दापोडी, खडकी, भोसरी, चिंचवड, देहूच्या बाजूची गावे अशी आसपासची मुले आयटीआय किंवा मॅट्रिक होऊन कंपनीत लागली आणि जीवाणू, निर्जंतुकीकरण, दाब, तापमान यांची शिस्त त्यांच्या हातात बसली. देशात दुसरीकडे ही शिस्त शिकवणाऱ्या शाळा फारशा नव्हत्या. पुढे साठच्या दशकात दापोडीत सँडविक, ॲटलास कॉप्को, अल्फा लाव्हाल या स्वीडिश कंपन्या आल्या आणि यंत्रकामाचे दुसरे दालन उघडले. एच. ए.त तयार झालेले तंत्रज्ञ मात्र देशभरच्या औषध कारखान्यांत गेले. कंपनीच्या ताळेबंदात हा हिशोब कुठेही दिसत नाही. तिच्या नफ्या-तोट्याची चर्चा करताना तो धरला गेला असता तर पुढचे काही निर्णय वेगळे झाले असते, असे म्हणायला जागा आहे.

स्वस्त पेनिसिलिनने काय साधले? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरीला टेकले आहे. त्यात स्वच्छ पाणी, लसी, अन्न, मुलींचे शिक्षण यांचा वाटा मोठा आहे आणि पेनिसिलिनचाही आहे. न्यूमोनियाची मुले, जखम चिघळलेले शेतमजूर, ताप चढलेल्या बाळंतिणी, गरमीची (सिफिलिसची) लागण झालेल्या गर्भवती यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटातली पेनिसिलिनची कुपी हा पुष्कळदा एकमेव आधार असायचा.

एका रोगाची हकिकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. यॉज हा जंगलपट्टीतल्या गरीब मुलांचा रोग. कातडीवर फोड येतात, पुढे हाडे वाकडी होतात. जीव सहसा जात नाही, म्हणून कुणाचे फार लक्षही जात नाही. चंद्रपूर-गडचिरोलीपासून बस्तर, कोरापुटपर्यंतच्या आदिवासी पाड्यांवर तो होता आणि आफ्रिका, इंडोनेशियातही होता. त्यावर पेनिसिलिनची एक सुई पुरते. १९५२ ते १९६४ या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ४६ देशांत सुमारे ५ कोटी लोकांना ही सुई दिली. भारतात शेवटचा रुग्ण २००३ मध्ये आढळला आणि मे २०१६ मध्ये देश यॉजमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर आली. ज्यांची हाडे वाकडी व्हायची राहिली त्यांना बहुधा हे कधी कळलेही नसेल.

साठच्या दशकात अमेरिकेच्या मर्क कंपनीच्या सहकार्याने पिंपरीत स्ट्रेप्टोमायसिन बनू लागले. वेळ अचूक होती. १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या प्रयोगांनी दाखवले होते की क्षयरोग्याला सॅनेटोरियमची हवा आणि महागडा आहार मिळाला नाही, तो झोपडपट्टीतल्या घरीच राहिला, तरी औषधे नियमित दिली तर तो तितकाच बरा होतो. म्हणजे क्षयाचा प्रश्न हवापालटाचा उरला नाही, औषध पुरवण्याचा झाला. पाचगणी-मिरजेच्या खाटा ज्यांना परवडत नव्हत्या त्या माणसांसाठी याहून मोठी बातमी नव्हती.

कंपनीचे दुसरे अंग संशोधनाचे. त्याबद्दल पिंपरी-चिंचवडकरांना फार थोडे ठाऊक आहे, म्हणून थोडे सविस्तर. डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रातले नावाजलेले अभ्यासक कंपनीच्या संशोधन विभागात होते. इथल्या मातीचे नमुने घेऊन त्यांत प्रतिजैविक बनवणारे सूक्ष्मजीव आहेत का, याचा शोध त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवला. १९६० च्या सुमारास एका सूक्ष्मजीवापासून त्यांना बुरशीजन्य रोगांवर गुणकारी द्रव्य मिळाले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे घेऊन त्याचे नाव ठेवले हॅमायसिन. आणि त्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी गावाचे नाव असे जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात नोंदले गेले. हॅमायसिन तोंडातल्या आणि योनिमार्गातल्या बुरशीच्या संसर्गावर वापरले गेले आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते शरीरात खोल शिरलेल्या बुरशीच्या रोगांवरही वापरून पाहिले. पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन हे इथलेच. ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे संशोधन नियतकालिक कंपनी १९५८ पासून काढू लागली. ज्या देशाने काहीच वर्षांपूर्वी पेनिसिलिनची टाकी पहिल्यांदा पाहिली, त्याने नवी प्रतिजैविके शोधून जगाला द्यायला सुरुवात केली होती. मदत घेणाऱ्याचा हात असा देणारा होतो तेव्हाच मदत सार्थकी लागली म्हणायची.

तरीही बाजारातली बरीचशी औषधे महागच होती. अमेरिकेच्या सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने १९६० च्या आसपास औषधांच्या किमती तपासल्या तेव्हा गरीब भारतात काही प्रतिजैविकांचे दर जगातल्या सर्वांत चढ्या दरांत मोडत असल्याचे दिसले. याचे मूळ ब्रिटिश राजवटीतल्या पेटंट कायद्यांत होते. त्यांचा अभ्यास करून न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला आणि १९७० चा पेटंट कायदा झाला. औषधाचे पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीचे. दुसरी पद्धत शोधा आणि तेच औषध बनवा. या कायद्याने भारतीय औषध उद्योग उभा राहिला हे सगळे सांगतात. कायदा पद्धत शोधायची मुभा देतो, पद्धत शोधणारी माणसे देत नाही. ती माणसे पिंपरीच्या एच. ए.त, ऋषीकेश-हैदराबादच्या आय. डी. पी. एल.मध्ये, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडली होती. ही अर्धी बाजू फारशी सांगितली जात नाही.

त्याचा लाभ भारतापुरता राहिला नाही. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षाचा संच ३५० डॉलरला देऊ केला. तोवर त्याला दहा-पंधरा हजार डॉलर पडत आणि आफ्रिकेत लाखो माणसे औषध असून मरत होती. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेतल्या मेंदुज्वराच्या पट्ट्यासाठी ५० सेंटपेक्षाही कमी किमतीत लस बनवली, जी बड्या कंपन्यांनी नाकारली होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती टोचायला सुरुवात झाली. पिंपरी आणि हडपसर ही पुण्याची दोन टोके. या दोन टोकांच्या मधल्या अर्ध्या शतकात गरीब देशांच्या आरोग्याचा बराच इतिहास सामावला आहे.

मग एच. ए.चे काय झाले? सत्तर-ऐंशीच्या दशकांत कंपनीने बेंगळुरू, नागपूर इथे राज्य सरकारांबरोबर जोड कंपन्या काढल्या. कर्नाटक अँटिबायोटिक्स त्यांतलीच, ती आजही बरी चालते. पिंपरीची मूळ कंपनी मात्र नव्वदच्या दशकात खचत गेली. आयातीवरचे निर्बंध उठले, चीनमधून पेनिसिलिन इतके स्वस्त येऊ लागले की इथल्या टाक्या चालवणे तोट्याचे झाले. दोष एकट्या चीनवर टाकणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. चीनने त्याच काळात प्रचंड क्षमतेचे कारखाने आणि जास्त उत्पन्नाच्या बुरशीचे वाण यांवर पैसा ओतला. आपण पिंपरीच्या यंत्रांना वय होऊ दिले. १९९७ च्या सुमारास कंपनी आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेली. खासगी भागीदाराबरोबरचा पेनिसिलिनचा संयुक्त प्रकल्पही तगला नाही. पुनर्वसनाच्या योजना आल्या, काही काळ श्वास मिळाला, पुन्हा घसरण. गेल्या दशकात कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले. ज्या घरांनी एच. ए.च्या पगारावर मुलांना इंजिनिअर केले, त्याच घरांत निवृत्तीच्या देण्यांसाठी खेटे सुरू झाले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. जमीन ही कंपनीची सर्वांत मौल्यवान मालमत्ता ठरली. टाक्या, वाण आणि माणसे यांची किंमत कुणी लावली नाही.

कंपनी बंद पडली नाही, हे आवर्जून सांगायला हवे. गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शनच्या कुप्या सरकारी रुग्णालयांसाठी बनत राहिल्या. करोनाच्या साथीत इथे हात निर्जंतुक करणारा द्राव बनला. आणि शेतकऱ्यांना एच. ए. माहीत आहे ती स्ट्रेप्टोसायक्लिनच्या सहा ग्रॅमच्या पुडीमुळे. सोलापूर, सांगली, नाशिककडच्या डाळिंबाच्या बागांत तेल्या रोगावर ही पुडी वर्षानुवर्षे फवारली गेली. तिच्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन आहे. माणसाला लागणारी प्रतिजैविके पिकांवर मारल्याने जंतू निर्ढावतात, या काळजीने केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये अशा वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी आणणारा मसुदा काढला. एका काळचे दुर्मिळ औषध आता जपून वापरा असे सांगण्याची वेळ आली. त्यातही विषमता आहेच: श्रीमंत देशांत प्रतिजैविके नको तिथे वापरली जातात, तर गरीब देशांत गरज असलेल्या पुष्कळ रुग्णांपर्यंत ती आजही पोचत नाहीत.

याचा दाखला पेनिसिलिनच. घशाच्या साध्या संसर्गातून पोरांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. जगात ३ कोटींहून अधिक लोकांना हा हृदयविकार आहे आणि ते जवळजवळ सगळे गरीब देशांतले किंवा गरीब वस्त्यांतले आहेत. दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनची सुई दिली तर तो बहुतेकदा वाढत नाही. गर्भवतीच्या गरमीपासून बाळ वाचवायलाही हेच औषध लागते. गेल्या दशकात ब्राझीलसह अनेक देशांत त्याचा तुटवडा पडला. औषध जुने, पेटंट संपलेले, नफा नगण्य. मूळ द्रव्य बनवणारे कारखाने जगात मोजके उरले, बहुतेक चीनमध्ये. सोखींनी ज्या प्रश्नासाठी जिनिव्हात भांडण मांडले तो प्रश्न सत्तर वर्षांनी त्याच औषधाच्या रूपाने परत आला आहे.

२०२० मध्ये चीनकडून येणारा माल अडकला तेव्हा दिल्लीला पेनिसिलिनची आठवण झाली. उत्पादनाशी जोडलेल्या अनुदानाची योजना निघाली आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ अरबिंदो फार्माच्या उपकंपनीने वर्षाला १५,००० टन पेनिसिलिन-जी बनवू शकणारा कारखाना सुरू केला. देशाला ही विद्या पुन्हा उभी करण्यासाठी खासगी उद्योगाला मोठे प्रोत्साहन द्यावे लागले. १९५५ मध्ये ती पिंपरीत होती.

एच. ए.च्या पहिल्या पिढीतली माणसे, ज्यांनी पहिल्या टाक्या चालवल्या, कुप्या भरल्या, मातीचे नमुने तपासले, ती आता थोडीच उरली आहेत. त्यांच्या आठवणी, बुलेटिनचे जुने अंक, जुनी छायाचित्रे, प्रयोगशाळेतल्या वह्या हे सगळे एका ठिकाणी जमवण्याचे काम अजून व्हायचे आहे. मेट्रोने दापोडीहून एच. ए.जवळचे संत तुकारामनगर आता काही मिनिटांवर आले आहे. पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या महाविद्यालयाने आपल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रक देऊन एच. ए. कॉलनीत आणि दापोडीच्या जुन्या चाळींत पाठवावे. कोणत्या झडपेतून जंतू शिरायचा, टाकी नासली की पाळीवर काय व्हायचे, हे सांगू शकणारी माणसे अजून तिथे आहेत.